काचेमागचा लहान गेम

(भिलाईच्या सिविक सेंटर बाजारातलं जुन्या व्हिडिओ गेमचं दुकान. बाबाराव स्टील प्लांटच्या ऑफिसातून रिटायर झालेले. अतुल दुकानाचा मालक.)

बाबाराव : नाई अतुलभाऊ, दुसरा नको. काल मी इकला तोच पायजे. हातात धरून खेळाचा, निळा. हाये का गेला?

अतुल : बैठिए तो सही, काका. घामाघूम झालात. तो काय, काचेमागं.

बाबाराव : हाये ना? हाये! हुश्श...

अतुल : सकाळी दुर्गचा एक जण घेतच होता. किंमत ऐकली अन् म्हणे, इतक्या जुन्याचे इतके? मी भावात उतरलो नाई. गेला फणफणत.

बाबाराव : बरं झालं बाप्पा, महाग होता! पण कावून महाग? हे टीव्हीले लावाचे मोठे डब्बे नवे असताना याच्याहून महाग. आता धूळ खात पडले.

अतुल : धुळीचंच तर हाये, काका. भिलाईची धूळ, डब्ब्याचा पंखा सगळी आत ओढते. जुना घ्याले लोकं भेतात. टीव्ही पायजे, जागा पायजे. नवं मॉडेल आलं का जो तो जुना आणून टाकते, भाव धडाम. अन् हा लहाना? रेल्वेवाले ड्यूटीवर नेतात, पोट्टे होस्टेलात. ज्याच्यापाशी हाये तो सोडतच नाई. दुकानात येतेच कमी, मंग भाव कसा पडन? आदमी जाईल तिथं जाते ना हे.

बाबाराव : दवाखान्यात बी.

अतुल : मतलब?

बाबाराव : माझ्या पोरीले, रीनाले, सिकलसेल हाये. अंग दुखलं का भरती. खाटेवर हेच हातात राहे. आता वर्ष झालं, भरती कराचं काम नाई पडलं. म्या म्हटलं, हे डोळ्यासमोरून जाऊ दे एकदाचं. तिले इचारलंच नाई.

अतुल : रागावली?

बाबाराव : नाई ना. इतकंच म्हणे, "बाबा, त्यात माझं गाव होतं." पडल्या पडल्या घरं बांधली होती तिनं, झाडं लावली होती. अन् तुमी तर आतलं सगळं पुसता म्हणे?

अतुल : पुसतो, पण गिऱ्हाईक पक्कं झाल्यावर. चालू करून दाखवाले काही लागते का नाई?

बाबाराव : म्हणजे दुर्गवाल्यानं घेतला असता तर...

अतुल : इथंच पुसला असता. लावा पोरीले फोन. स्पीकरवर.

रीना : हां, बाबा?

बाबाराव : रीना, भेटला व! चालू होऊन राहिला... थांब. नदी दिसते. पूल दिसते.

रीना : पुलापलीकडं लाल छपराचं घर हाये?

बाबाराव : हाये, हाये. दारात कोणी बसलं हाये, चष्मा लावून.

रीना : तुमीच हाव ते. लेडीज वार्डात रात्री तुमाले बसू देत नव्हते ना. म्हणून तिथं बसवलं.

बाबाराव : अतुलभाऊ, किती द्याचे याचे?

अतुल : घ्या, काका. कालचे परत द्या, बस. वर काही नको.

रीना : बाबा, तुमी जेवले का?

बाबाराव : नाई, बेटा.

रीना : मंग या ना लवकर. मी बी थांबून राहिली.