बनूबद्दल एक चांगला शब्द

(पोलादपूरच्या वरची एक वाडी. ठकूबाईच्या घराची पडवी. १९६१.)

सुनीतीबाई : म्हणजे नातीबद्दल चांगलं काहीच सांगण्यासारखं नाही?

ठकूबाई : काय सांगू, बाय? काळी हाय, नकटी हाय. हट्टाला तर बापाच्या वरताण.

सुनीतीबाई : आजी, आईबापाविना पोर. ती तुमच्याकडे राहावी की महाडला मामांकडे, हे कोर्टाला ठरवायचंय. मला मुंबईहून त्यासाठीच पाठवलंय.

ठकूबाई : ठावं हाय. कोतवाल येसाजी सांगून गेला, मनाची डाक्टरीण येनार. म्हटलं, येऊ दे. पोर काय येडी नाय.

सुनीतीबाई : वेडी कुठली? चांगली हुशार आहे. डोळे तर इतके—

ठकूबाई : बनू, आत जा गो. बाय, पोराच्या तोंडावर असं बोलू नये.

सुनीतीबाई : तिचे मामा तासभर तिचं कौतुक करत होते.

ठकूबाई : करू दे. मास्तर मानूस, तोंडाला टाळा नाय. तिकडून आली की मी मीठमोहऱ्या ओवाळून टाकते.

सुनीतीबाई : आणि तुम्ही तासभर तिला नावं ठेवलीत. आमच्या शास्त्रात याचा अर्थ, आजीला माया नाही.

ठकूबाई : तुमच्या शास्त्रात दृष्ट लागत नाय वाटतं?

सुनीतीबाई : नाही.

ठकूबाई : बरं हाय तुमचं. मामाची, परक्या घरच्याची उतरते, बाय. आपल्या घरच्या मानसाची उतरत नाय. माझ्या हैबतीच्या हळदीला त्याची आजी बोलून गेली, नातू राजावानी दिसतो. दोन वरसांत गेला माझा लेक, ही तवा पाळण्यात होती.

सुनीतीबाई : मला पटलं नाही, पण कळलं. मी कोर्टात तसं सांगेन. पण जज्जसाहेब पुण्याचे, ते हसतील. तुम्हालाच विचारतील, पोरीत चांगलं काय? तेव्हा एक शब्द बोला, बास.

ठकूबाई : सगळ्यांदेखत?

सुनीतीबाई : सगळ्यांदेखत.

ठकूबाई : आन् नाय बोलले तर?

सुनीतीबाई : मामांकडे जाईल.

ठकूबाई : ...तिला भात मऊ लागतो. मामीला सांगा.

सुनीतीबाई : आजी, एका शब्दासाठी नात सोडणार?

ठकूबाई : महाड काय लांब नाय, बाय. जित्या मानसाला यस्टीनं जाऊन बघता येतं.