समुद्राकडे तोंड करून लावलेली गाडी

मी, देओलिंदा मार्साल, वय ७४ वर्षे, धंदा काही नाही (पूर्वी मासळी डबाबंद करण्याच्या कारखान्यात कामाला), राहणार तावारेदे, चर्चमागची गल्ली, पोर्तुगाल. आज रविवारी संध्याकाळी पोलीस ठाण्यात समक्ष बसून, विचारले तेवढे आणि थोडे न विचारलेलेही सांगते, ते असे:

वरील पत्त्यावर मी एकटी राहते. माझे पती आल्बर्तिनो मागच्या हिवाळ्यात वारले. ते असताना दर रविवारी जेवणे आटोपली की आम्ही आमच्या पांढऱ्या गाडीने किनाऱ्यावर जात असू. घड्याळाच्या मनोऱ्याजवळ समुद्राकडे तोंड करून गाडी लावायची. ते रेडिओवर फुटबॉलचा सामना ऐकणार, मी शेजारी क्रोशाचे विणकाम करणार. आमच्याकडे पुष्कळ म्हातारी जोडपी असाच रविवार घालवतात. त्यात संशयास्पद काही नाही.

खाली उतरण्यासाठी मी त्यांच्या फार मागे लागत असे. "अहो, लोक वाळूत चालतात, आइस्क्रीम खातात, आणि आपण इथवर येऊन समुद्र काचेतून बघतो!" त्यावर ते म्हणायचे, "दिसतोय ना? मग झालं तर! गाडीतली वाळू कोण झाडणार, तुझा बाप? पुढच्या रविवारी उतरू." ते कधी उतरले नाहीत.

ते गेल्यावर मुलगा रोजेरियो याने गाडी विकली, कारण मला चालवता येत नाही. माझी हरकत नव्हती. घेणाऱ्याचे नाव तेल्मो, हे मला आज कळले. दुसरी चावी कोणी मागितली नाही, मी दिली नाही.

आता मुलगा आणि सून मला दर रविवारी फिरायला नेतात. दीपगृह, किल्ला, मिठागरे, सगळे दाखवून झाले. आइस्क्रीम तर इतके खाल्ले की दात ठणकतात. दोघेही फार चांगली आहेत, हे आवर्जून लिहून घ्यावे. मला यातले काही नको होते. मला त्याच काचेतून समुद्र बघायचा होता.

आज मुलगा आइस्क्रीमच्या रांगेत आणि सून फोनवर असताना मला तेल्मोची गाडी दिसली. नेमकी आमच्या जागी, तोंड समुद्राकडे. आत कोणी नव्हते. मी चावीने दार उघडून माझ्या बाजूला बसले. सीट कोणी तरी मागे सरकवली होती, ती पुढे घेतली. रेडिओ लावला आणि विणकाम काढले. चालकाच्या जागेला मी हात लावला नाही.

थोड्या वेळाने तेल्मो आपल्या दोन ओल्याचिंब मुलींना घेऊन आला. वाकून म्हणाला, "आजी, गाडी चुकलीत वाटतं."

मी म्हटले, "चुकले नाही. आधी पायाची वाळू झाड, मग दाराला हात लाव."

"अहो आजी, ही गाडी माझी आहे!"

"असेल. सामना संपल्याशिवाय मी उतरायची नाही."

तो हसला. मला विसरण्याचा आजार असावा, असे वाटून त्याने पोलिसांना फोन केला, चोर समजून नव्हे. तोवर मुलींसह कठड्यावर बसून "किती झालं, आजी?" असे विचारत राहिला. मला विसरण्याचा आजार नाही. सगळे आठवते, तीच अडचण आहे. मुलगा आणि सून तोवर मला खाली वाळूवर शोधत होती. हवालदार आले तेव्हा सामना थोडा बाकी होता. तेही थांबले. ते कोणत्या संघाचे, हे मी सांगणार नाही.

तेल्मोची काही तक्रार नाही. चावी मी इथे टेबलावर ठेवली. तो म्हणाला, "राहू द्या तुमच्याकडे." मी नको म्हणाले. चावी असली तर मी पुन्हा येईन.

जबाब मला मोठ्याने वाचून दाखवला. आजच्या हकिकतीत मी जिथे जिथे 'आमची गाडी' म्हटले होते, तिथे 'तेल्मोची गाडी' असे मीच सांगून करून घेतले. पती हयात असतानाच्या मजकुरात मात्र 'आमची' तसेच ठेवायला लावले आहे. आता जबाब बरोबर आहे.