चार बोटांची फट

हॅलो?… हॅलो! हो, चंदरचं गॅरेज, अंधेरी. कोण पाहिजे?… अगं क्षमे, तू होय! मीच बोलतोय, नंदूदादा. शेजारच्या जयंतीताईंच्या घरून करतेयस?… मोठ्याने बोल जरा, इथे ठोकाठोक चाललीय. चंदर! अरे थांबव ते, बहिणीचा फोन आहे घाटकोपरहून.

हां, बोल… लोकर? कुठली लोकर?… लाल. हो, हो… अगं ऐक ना. मीच नेली परवा. तू आत स्वयंपाकात होतीस, म्हटलं उरलीसुरली असेल… विद्याधरच्या स्वेटरची? एक बाही राहिलीय अजून? अरे देवा!

परत कशी देऊ आता, तुकडे केलेत तिचे. वीत-वीत… तुकडे म्हणजे तुकडे गं. गाडीला चिकटवलेत, चिकटपट्टीने… नाही, डोकं ठिकाणावर आहे माझं. आधी ऐकून तर घे.

वारा डोळ्यांना दिसतो का? नाही ना? मग गाडी पळताना तो कुठून जातो, कुठे अडतो, कळायचं कसं? म्हणून धागे लावायचे. जिथे वारा नीट सरकतो तिथे धागा विंचरलेल्या केसासारखा पडून राहतो. जिथे बिनसतं तिथे नाचतो… हो, आज पहाटे केलं. घोडबंदर रोडला. विद्याधर गाडीत, आणि मी चंदरच्या मोटारसायकलवर मागे बसून, अगदी शेजारून बघत… बोलला नाही तुझा नवरा तुला? बरोबर, कशाला बोलेल.

झकास होते गं धागे. नाकापासून काचेपर्यंत एकसुद्धा हलला नाही. मला वाटलं, जिंकलो. वर्षभर हाताने पत्रा ठोकून केलीय ती गाडी, एक कोपरा ठेवला नाही तिला. वाऱ्याला अडायला जागाच नाही… हो, उद्या जुहूला शर्यत बघायला आमच्या विमानांच्या हँगरमधली सगळी मंडळी येणारेत. आमचे साहेब पण. ‘नंद्याचा डबा’ म्हणायचे ना, आता बघू देत म्हटलं…

काय?… कसला आवाज? काही नाही… माझ्या आवाजाला काय झालंय?

नाही गं… बरं. बरं, सांगतो. नारळ आणलास ना उद्यासाठी? तो खोबऱ्याच्या वड्यांना वापर… चेष्टा नाही करत. उद्या गाडी पळायची नाही.

ऐक. सत्तर मैलांच्या पुढे गेला तसं माझं लक्ष पुढच्या चाकाकडे गेलं. चाक आणि वरचा पत्रा, मध्ये दोन बोटं फट ठेवलीय मी, स्वतः मोजून. ती चार बोटं झाली… अगं चाक खाली नाही गेलं, गाडी वर गेली! नाक उचललं तिने. वेग कमी केला की परत दोन बोटं. तीनदा बघितलं.

तुला कसं सांगू… हाताशी कागद आहे का? वहीचा, कसलाही… कॅलेंडर नको फाडूस त्यांचं!… पुडीचा? चालेल. लांब पट्टी फाड. आता एक टोक खालच्या ओठाला लावून धर. दुसरं लोंबतंय ना खाली? आता वरून फुंकर मार. खालून नाही, वरूनच… मार तर.

काय झालं?… उचलला ना?

काय म्हणालीस?… गाडीसारखं?

हो. तसंच. वरून वारा पळाला की वस्तू वर ओढली जाते. विमान असंच उडतं. बारा वर्षं विमानांचे पंख ठोकतोय मी, पोट सपाट, पाठ फुगीर. हाताला तेवढंच वळण ठाऊक. मघाशी खडूने फरशीवर गाडीची आकृती काढली, शेजारी पंखाची काढली. सारखी गं! मी त्याच्यासाठी पंख करून ठेवलाय, आणि त्यात त्याला बसवलंय.

पुढे रेतीची पोती?… ठेवता येतील. मग वळणावर कुठे जाईल ती, सांगता येत नाही… हळू चालव म्हणून सांगू? विद्याधरला? शर्यतीत? तूच हसशील.

घरी आहे ना तो? हाक मार त्याला… नाही, मीच सांगतो. माझी चूक आहे, मीच सांगणार. बोलाव.

…चंदर, हातोडा खाली ठेव रे. थांब जरा.

हॅलो… हं, विद्या. ऐकलंस तिच्याकडून?… काय? परत बोल.

तुला माहीत होतं?

कधीपासून?… मागच्या रविवारपासून स्टिअरिंग हलकं लागतंय? हातात काही नसल्यासारखं? आणि तू… आणि तू उद्या बसणार होतास त्यात?… माझ्यासाठी? साहेब येणार म्हणून? गधड्या! माझी अब्रू राखायला तू… अरे, माझ्या बहिणीला मी काय तोंड दाखवलं असतं?

नाही, मला बोलू दे. मी तरी काय मोठा शहाणा? सकाळी सातपासून या फोनसमोर बसलोय. उचलतो, ठेवतो. वाटतं, साहेबांना काय सांगू? वाटतं, आपल्याला भास झाला असेल. तिने लोकरीसाठी फोन केला नसता तर… केला असता रे. संध्याकाळपर्यंत केला असता मी… केला असता, विद्या. खरंच.

भीती वाटली मला. बस.

…हो. शर्यतीतून नाव मागे घेतो, साहेबांनाही आत्ताच जाऊन सांगतो. हसू देत… पुढच्या वर्षी? बघू. नाक कापून खाली आणावं लागेल. पाठ बसवावी लागेल. निम्मा पत्रा नवा… तू येणार ठोकायला? तुला हातोडा धरता येतो का!… ये, ये. उद्याच ये. मोकळाच आहेस आता.

दे तिला… क्षमे, ऐकलंस सगळं?… हो. दोघेही मूर्ख. कबूल… रडतेस का गं? अगं… बरं, रड.

लोकर? गाडीवरच आहे. काढून धुऊन आणून देतो, गाठी मारून… नको? राहू दे म्हणतेस?… नव्या पत्र्यावरही धागे नीट पडेपर्यंत? आणि चाकाची फट दोन बोटांवर राहीपर्यंत. बरं बाई, तुझंच खरं.

आणि स्वेटर?… घालू दे की! वर्षभर एका बाहीचाच घालू दे त्याला. ठेवतो.