सलोखा मेळाव्यात नारळ फेकल्याबाबत

नाव रेणू भुपेंद्र पटले, वय ३४ वर्षे, धंदा शेती, राहणार सेमरटोली, तालुका व जिल्हा गोंदिया.

मी समक्ष पोलीस ठाण्यात हजर असून विचारल्यावरून सांगते की, वरील ठिकाणी मी माझे पती भुपेंद्र यांच्यासह राहते. दवनीवाड्याच्या वाटेवर आम्ही ठेक्याने धानाची शेती करतो. सरपंचबाईंचे पती गुलाबचंद बिसेन यांनी माझ्याविरुद्ध तक्रार दिली म्हणून मला बोलावले आहे. मी स्वतःहून आलेली नाही.

ग्रामपंचायतीचा निकाल लागला त्या दुपारी गुलाबचंदची मिरवणूक डीजे लावून आमच्या दारासमोर थांबली. माझे पती हरलेल्या पॅनलचे पोलिंग एजंट होते. ते ओट्यावर बसले होते, काही बोलले नाहीत. गुलाबचंदने लोखंडी रॉडने त्यांच्या उजव्या हातावर मारले. मी मध्ये पडले तोवर दुसरा फटका बसला होता. त्याबाबत तक्रार त्याच दिवशी दिली. मिरवणुकीत अर्धे गाव होते, पण डोळ्यांत गुलाल गेल्याने काही दिसले नाही, असे सगळ्यांनी सांगितले. गुलाबचंदच्या डोळ्यांत मात्र गुलाल गेला नव्हता.

ऑपरेशन करून हातात सळी टाकली. हाड जुळले, पण मूठ वळत नाही. यंदा धान मी कापला आणि माझे पती बांधावर उभे राहिले.

निवडणुकीनंतरच्या मारामाऱ्यांची चौकशी करायला जिल्ह्यावरून साहेब येणार असे कळले. तेव्हा गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष हिरालाल टेंभरे आमच्या घरी आले. ते म्हणाले, "साहेबासमोर दोघांनी गळाभेट केली तं गावाचं नाव होते. केस चालवून तुले काय भेटते बाई?" मी म्हणाले, "मले काही नाही भेटत. त्याले शिक्षा भेटते." ते म्हणाले, "तू मोठी कडू बोलते." मी कडूच बोलते. माझे पती हो म्हणाले, कारण त्यांना गावातच राहायचे आहे.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा भरते, तिथे दंडारीचे नाटक बघायला लोक जमले असता त्याच स्टेजवर सलोखा मेळावा झाला. देश जोडायचा तर आधी गाव जोडा, असे साहेबांनी भाषण केले. मग गुलाबचंदने माझ्या पतीच्या खांद्यावर शाल टाकली आणि त्यांच्या उजव्या हातात नारळ दिला. नारळ खाली पडला. गुलाबचंद माइकवर म्हणाला, "धर ना भाऊ, काऊन लाजून राहिला?" लोक हसले. साहेबही हसले. साहेबांना हाताचे ठाऊक नसेल, गुलाबचंदला ठाऊक होते. मग माझे पतीही हसले. ते मला सहन झाले नाही.

मी स्टेजवर चढले, नारळ उचलला आणि गुलाबचंदवर फेकला. तो त्याच्या खांद्याला लागला. मी माइकवर म्हणाले, "यानंच तो हात तोडला. साहेब, लिहा आता." साहेबांनी लिहिले नाही. माइक बंद करण्यात आला.

नेम डोक्यावर होता काय, असे मला विचारले. त्याचे उत्तर मी देत नाही. माफी मागितली तर दोन्ही केस मिटतील, असे हिरालाल यांनी आज ठाण्याच्या आवारातही सांगितले. मी माफी मागणार नाही. समझोत्यावर पतीची सही कोणी आणली तरी मारहाणीची मी साक्षीदार आहे, आणि कोर्टात मी हेच सांगेन. हात तोडला तो रॉड पोलिसांना आजपर्यंत सापडलेला नाही. नारळ त्याच दिवशी पंचनामा करून जप्त झाला.

हा जबाब हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. त्यात 'रागाच्या भरात फेकला' असे होते, ते मी खोडायला लावले. मी विचार करून फेकला. बाकी मी सांगितले तसेच लिहिले आहे, म्हणून सही करते.