कुरडयांपायी बुजवलेली भोकं

हॅलो? … हॅलो, कोण? … अहो तुम्ही! बोला, पण पटकन बोला, मी पाण्यात उभी आहे.

… घरात नाही हो, मागच्या गल्लीत. … तोच, कॉर्डलेस. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलाय, म्हणून आवाज असा येतोय. … छत्री कुठली? एका हातात फोन, दुसऱ्या हातात बत्ता.

… बत्ता! खलबत्त्यातला! … भिंत फोडायला. … आता हॅलो हॅलो काय करताय, ऐकू आलंय तुम्हाला सगळं.

प्रमिलाने सलवार गुडघ्याच्या वर खोचली होती आणि ओढणी कमरेला आवळली होती. दुबईतल्या अल कुसैसमध्ये सकाळपासून पाऊस धरून होता. वर्षभर तोंड दाखवायचा नाही आणि आला की असा हात धुऊन मागे लागायचा. गल्लीचं एक टोक मेन रोडला, दुसऱ्या टोकाला ही भिंत. पाणी रोडवरून आत येत होतं आणि भिंतीला टेकून चढत होतं.

… कुणी सांगितलं तुमच्या ऑफिसात? वरच्या मजल्यावरून गेला ना फोन? … लोकांना खिडकीत उभं राहून चहा प्यायला वेळ आहे, खाली यायला नाही. … मालकाची भिंत आहे, माहीत आहे मला. … नाही, नाही, तुमचं आधी ऐकणार नाही. आधी तुम्ही मला सांगा, भोकं कुठे होती?

… कुठली म्हणजे? भिंतीतली!

आता ही भोकं म्हणजे काय ते सांगायला हवं. भिंतीपलीकडे वाळूचं मोकळं मैदान होतं, चांगलं खोलगट. पूर्वी कधी पाऊस झाला की गल्लीतलं पाणी आपसूक तिकडे उतरायचं आणि वाळूत जिरायचं. मग मालकाने तिथे पार्किंग करायचं ठरवून भिंत घातली. बांधणारा शहाणा, त्याने पायथ्याशी पाण्यासाठी भोकं ठेवली होती. पण गेल्या एप्रिलमध्ये बिल्डिंगमधल्या मराठी बायकांनी गल्लीत बाजा टाकून कुरडया वाळत घातल्या, आणि मैदानातली मांजरं त्या भोकांतून येऊन कुरडयांवर लोळायला लागली. लोळली असती तरी चाललं असतं, पण मांजरं ती, काय काय करायची! सगळ्या बायकांनी प्रमिलाच्या नवऱ्याच्या, म्हणजे फोनवरच्या ह्या राजनच्या मागे टुमणं लावलं. राजन त्याच मालकाच्या ऑफिसात अकाउंटंट. पगार मालकाचा, फ्लॅट मालकाचा, व्हिसाही मालकाचाच. त्याने एका शुक्रवारी गवंडी बोलावून भोकं बुजवून घेतली आणि वरून सलग गिलावा मारला. इतका छान गिलावा, की आता भोकं कुठे होती ते ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

… हो, आम्हीच सांगितलं होतं बुजवायला! मी सगळ्यात पुढे होते! म्हणून तर फोडायलाही मीच आले. … तुम्ही त्या दिवशी गवंड्याच्या डोक्यावर उभे होतात. आठवा.

… आठवत नाही? तुम्हाला? आपल्या लग्नात माझ्या मामाने किती हलका पँटपीस दिला ते बरोबर आठवतं, आणि ही भोकं आठवत नाहीत?

… पाणी उपसायचा टँकर? कधी येणार? … इन्शाल्ला संध्याकाळी! अहो, दुबईतला प्रत्येक टँकर आज कुणा ना कुणाच्या दारात इन्शाल्ला येणारच आहे. … आणि आला तरी पुढच्या गेटवर, पाणी इकडे मागे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

… आपल्या बिल्डिंगच्या दाराला वाळूची पोती लावू? म्हणजे आपल्याकडचं पाणीसुद्धा शहनाझच्या घरात? वा! छान!

शहनाझ म्हणजे समोरची. गल्लीत सगळ्या नव्या बिल्डिंगा, प्रत्येकाने आपापला उंबरठा आधीच्यापेक्षा उंच केलेला. खाली उरलं होतं ते एकटं तिचं जुनं बैठं घर. त्या घरात तिची सासू हमीदाखाला पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेली होती.

… अहो, पलंगाच्या पायांना पाणी लागलंय! खालांचा डावा हातसुद्धा हलत नाही. उचलायचं कुणी? मी आणि शहनाझ? तेही करून पाहिलं, कंबर धरली माझी. … घरातले पुरुष जबल अलीला कामावर, बस पाण्यात अडकली आहे. … पोलिसांच्या ९९९ला लावला. येतो म्हणाले. सगळ्यांकडेच पाणी आहे, ते तरी कुठे कुठे जातील?

थांबा एक मिनिट. … काय गं मुग्धा?

बाल्कनीतून आठ वर्षांची लेक ओरडली, "ममा, खाला-आंटी इज क्रायिंग! आय कॅन हिअर हर!"

… ऐकलंत? माझं ऑपरेशन झालं तेव्हा ह्याच पोरीला खालांनी पंधरा दिवस मांडीवर वागवलं. तेव्हा तुम्ही ऑडिटमध्ये होतात. आता ती बाई पडल्या पडल्या पाणी चढताना बघते आहे, आणि तुम्ही मला मालकाची भिंत सांगताय!

तिने फोन हनुवटीखाली धरला आणि दोन्ही हातांनी बत्ता हाणला. गिलाव्याचा टवका उडाला. आत अख्खा ब्लॉक. आणखी सरकून दुसरीकडे हाणला. तिथेही ब्लॉकच.

… आवाज? मीच. अंदाजाने. तुम्ही सांगत नाही म्हटल्यावर अख्खी भिंत ठोकून काढीन. … हमीदला कशाला सांगताय मला अडवायला? वॉचमन बिचारा भिंतीकडे पाठ करून उभा आहे. उद्या विचारलं तर त्याने काही पाहिलंच नाही.

… कोण? सदानंद? तिथेच उभे आहेत? … मग द्या की. घाबरते काय मी त्यांना? द्या!

सदानंद हा ऑफिसचा मल्याळी मॅनेजर, अरबाबचा म्हणजे मालकाचा उजवा हात. त्याच्यासमोर राजन पाणीसुद्धा विचारून पितो, असं प्रमिला नेहमी म्हणायची.

हां, नमस्ते सदानंदभाई. … जी, मैं ही तोड़ रही हूँ। … नहीं, नहीं, इन्होंने तो मना किया। अभी भी मना कर रहे हैं, आपके सामने। … अरबाब को बोलिए, प्रमिला ने तोड़ी। नाम सही लिखिएगा। … फ्लैट खाली करवाना है? करवाइए। लेकिन पहले पानी खाली होने दीजिए। … खलास। अब इनको दीजिए।

हॅलो? … हॅलो? … अहो? …

  एवढ्या वेळात पहिल्यांदाच प्रमिलाला भीती वाटली. तोंडाने म्हणणं सोपं, पण नोकरी गेली की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा, मुग्धाची शाळा अर्ध्यावर, सासऱ्यांच्या औषधांना पैसे कुठून, हे सगळं तिला माहीत नव्हतं थोडंच. पाणी मांडीला लागलं होतं. समोरच्या घरातून शहनाझची हाक आली, आणि ती पुन्हा भिंतीशी वाकली.

… हॅलो? हां, आहे मी. … काय? … इतकं हळू का बोलताय? … पँट्रीत? पँट्रीतल्या फोनवरून? … ऐकू येत नाहीये हो! कुणाच्या तरी पत्र्यावर पाऊस वाजतोय. … कशासमोर? … खांब? खांबाचं काय? …

अहो, मोठ्याने बोला! … सदानंद ऐकेल? … सगळं ऑफिस ऐकेल. हो. ऐकेलच. … मी काय सांगू? तुमचं तुम्ही ठरवा. मी इथे आहे.

… 

… आलं! ऐकू आलं! विजेच्या खांबासमोर, अगदी खाली! थांबा, ठेवू नका!

तिने पाण्यात हात घालून गिलावा चाचपला, खांबाची रेघ धरली, आणि बत्ता हाणला. आवाज पोकळ आला. तिने देवाचं नाव घेतलं आणि पुन्हा हाणला, पुन्हा हाणला. गवंड्याचं सिमेंट धबकन पलीकडे पडलं. गल्लीतलं पाणी एकदम त्या बाजूला वळलं, त्याबरोबर कुणाची तरी चप्पल, शेवग्याची एक शेंग आणि दुधाची रिकामी पिशवीही गेली.

गेलं! अहो, गेलं! हे ऐका, ऐका … आला आवाज? … रडत नाहीये, पाऊस आहे तोंडावर.

… दुसरं कुठे? … खांबापासून शहनाझच्या घराकडे, तुमची चार पावलं. म्हणजे माझी सहा. … अहो, किती ओरडताय! आता येतंय ऐकू. बहिरी नाही मी. … कोण येऊन उभं राहिलंय? … अख्खं ऑफिस? सदानंदपण? … मग त्यांच्यासमोरच सांगा. तिसरं? …

हमीद आता वळला होता. त्याने चपला काढून खिडकीत ठेवल्या, बाह्या सारल्या आणि पाण्यात उतरला.

… कचऱ्याच्या पेटीमागे. बरं. पेटी हमीद सरकवतोय. … हो, वळला शेवटी. … तुम्ही येताय? कसे? रस्ता बंद आहे. … बरं, या. सावकाश या. येताना तुमचं टेबल आवरूनच या, उद्या परत जायला लागेल की नाही कोण जाणे. … हसताय काय? …

मीपण हसतेय. … चला, ठेवते. दोन्ही हात लागणार आहेत मला.