खुटबावच्या झेंडूत परदेशी बाईची ओटी भरल्याबाबत

सगळ्यांच्या आधी आलं ते कोंबडीएवढं घोंगावणारं, वरून फोटो काढणारं विमान, त्याच्या मागं दोन पांढऱ्या गाड्या, आणि गाडी थांबायच्या आत उतरला तो आमचा मारुतराव. पण हवालदार म्हणतात, आजी, आधी नाव सांगा. म्हणून सांगते.

मी रंगुबाई सोपानराव शितोळे, वय सत्तरीच्या पुढे, नक्की आईला ठाऊक होते, ती गेली. धंदा शेती, झेंडूची फुले. शिक्षण दुसरी, तीही अर्धी. राहणार खुटबाव, तालुका दौंड, जिल्हा पुणे. मोबाईल सुनेचा. ठाण्यात स्वतःच्या पायाने आले आहे, चहा मिळाला आहे, आणि विचारल्यावरून सांगते ते असे.

मारुतराव हा माझ्या थोरल्या दिराचा मुलगा. लहानपणी मारत्या होता, जमिनीचे व्यवहार जुळवायला लागल्यापासून राव झाला. त्याची तक्रार अशी की, मी परदेशी पाहुण्यांना फसवून जमिनीचा नाद सोडायला लावला व त्याचा व्यवहार मोडला. त्यातले फसवले हे खोटे आहे. बाकी बरोबर आहे.

दसऱ्याच्या आधीच्या गुरुवारी सकाळी मी व सून सुलक्षणा माझ्या रानात झेंडू तोडत होतो. सुलक्षणा रांजणगावला कंपनीत आहे, त्या दिवशी तिची दुसरी पाळी होती. साहेब लोकांशी इंग्रजी बोलायची तिला सवय आहे. मारुतरावाने पाहुण्यांना कारखान्यासाठी जागा दाखवायला आणले होते, सांगितले होते की, जमीन पडीक आहे आणि मालकीण राजी आहे. गाडीतून उतरली तशी त्यांची मोठी साहेब, हेलेना नावाची बाई, त्या पडीक जमिनीत कमरेइतक्या झेंडूत उभी राहिली. तिचा देश लांबचा. तिथे ऊन पाहुण्यासारखे येते आणि चहा पिऊन जाते, असे सुलक्षणा म्हणते. मारुतरावाने बाईला हार घातला. प्लॅस्टिकचा. झेंडूच्या रानात.

कारखाना कशाचा, असे मी विचारले.

"खोलीत मारायच्या वासाचा, काकी. मोगरा, गुलाब, झेंडू. साऱ्या जगात जाणार हाय."

"म्हंजी झेंडू उपटायचा आन् तिथं झेंडूचा वास करायचा?"

"काकी, परदेशी गुंतवणूक हाय ही. जग जवळ आलंय आता."

"आलंय तर येऊ दे की. मग एवढं उंच कंपाउंड कुणासाठी घालताय?"

त्यावर तो म्हणाला, "तुम्ही फकस्त बाईच्या हातात हात द्या. फोटो निघाला की संमती झाली."

मी नाही म्हटले नाही, हे लिहून घ्यावे. दारात आलेल्या बाईला कोणी नाही म्हणत नसते. मी म्हटले, रिकाम्या हाताने हात देणार नाही, आधी ओटी भरते. मारुतराव एवढा खूश झाला की त्याने स्वतःच मोबाईल काढून चित्रण सुरू केले व "कल्चर, मॅडम, कल्चर!" असे ओरडला. सुलक्षणाने घरातून नारळ, तांदूळ, खण आणि दसऱ्यासाठी स्वतःला घेतलेली नवी हिरवी साडी आणली. बाई पँटीत. पदर नाही, तर ओटी घ्यायची कशात? शेवटी तिने गळ्यातला रुमाल सोडून पसरला. प्लॅस्टिकचा हार आड येत होता, तो काढून तिने मारुतरावाच्याच गळ्यात घातला. मला फार हसू आले. आत्ताही येत आहे.

साडी देण्याआधी मी सुलक्षणाला म्हणाले, "बाईला नीट सांग. ओटी भरली म्हंजी तू या घरची लेक झालीस. आन् आमच्याकडं लेकीनं साडीचोळी घेतली की जमिनीवरचा तिचा हक्क सुटला. पुन्हा मागायचा न्हाई. कबूल असंल तरच घे म्हणावं."

"आत्या, असं तोंडावर सांगू?"

"मोबाईलच्या तोंडावर सांग."

मारुतरावाने हे ऐकले. पण बायकांचे बोलणे म्हणून सोडून दिले.

बाईने पुन्हा पुन्हा विचारून समजून घेतले. मग विचारले, तुम्ही घेतली होती का अशी साडी?

मी घेतली आहे. माझे माहेर कारेगाव. वडील गेल्यावर भावांनी गाडी पाठवून नेले, पुरणपोळी घातली, साडीचोळी दिली व सही घेतली. साडी निळी होती. पहिल्या धुण्यात रंग गेला. भावांनी पुढे ती जमीन विकली, तिथे आता बाहेरदेशची कंपनी आहे, काचेची, चांगली आहे. माझा मुलगा ईश्वर त्याच जमिनीवर ठेकेदाराकडून कामाला जातो. आत सोडताना गार्ड त्याचा डबा उघडून बघतो. याबाबत मला अधिक काही सांगायचे नाही.

सुलक्षणाने हे इंग्रजीत सांगितले. बाई झेंडूकडे बघत राहिली. मग तिने रुमाल पुढे केला आणि ओके म्हणाली. तेवढे मलाही कळते.

नंतर पिठलं-भाकरी झाली. मारुतरावाने तोवर ते चित्रण गावाच्या ग्रुपवर टाकले होते, वर लिहिले होते, परदेशी गुंतवणुकीचे खुटबावकरांकडून जंगी स्वागत. गावाला सगळे कळले, त्याला नाही. त्याने व्यवहाराच्या सहीसाठी बाईपुढे पेन धरला, तेव्हा बाईने साडी उचलून दाखवली. तुमच्या काकीची जमीन घेणार नाही, मी साडी घेतली आहे, असे ती बोलली ते सुलक्षणाने त्याला समजावले. त्याचे पिठलं ताटातच राहिले.

माझे म्हणणे इतकेच की, भावांनी मला साडी दिली तो रिवाज असेल, तर मी दिली ती फसवणूक कशी? हवालदार म्हणाले, हे लिहू का? मी म्हटले, मोठ्या अक्षरात लिहा.

हा जबाब मला वाचून दाखवला, माझ्या सांगण्याप्रमाणेच आहे, दोन ठिकाणी हवालदार हसले तेवढे त्यात आले नाही. अंगठा नको, सही करते. वाकडी आहे पण माझी आहे.

थांबा, एक राहिले. पाहुणे परत येणार आहेत. लेक म्हटल्यावर सणाला माहेरी कधी यायचे, असे बाईने विचारले, मी दिवस सांगितला, तो तिने कबूल केला. भाऊबीज. मारुतरावाला ठाण्यामार्फत समज द्यावी की नात्याने ती आता त्याची बहीण लागते. ओवाळणी तयार ठेवावी, आणि साडी देणार असेल तर रंग न जाणारी द्यावी.