बुडाशी नख

ताई : मडक्या, या कपाच्या कानात गोळी आहे.

मडक्या : कुठल्या कपाच्या?

ताई : या, कडेच्या. उचलायला गेले तर कान हातात आला, आणि कानातून तुझी रोज सकाळची गोळी. अख्खी.

मडक्या : कच्चा कप कधी कानाला धरून उचलतात का? इतकी वर्षं माझ्या घरात राहून एवढंही कळू नये?

ताई : विषय बदलू नकोस. बाकीच्या अकरांचे कान मोडू?

मडक्या : नको. आहेत. प्रत्येकात एकेक.

ताई : म्हणजे बारा दिवस?

मडक्या : फेकल्या असत्या तर तुला सापडल्या असत्या. तू केराचा डबा पेपरासारखा वाचतेस.

ताई : अरे, पण माझ्यासमोर गिळत होतास ना! जीभ वर करून दाखवत होतास.

मडक्या : डाव्या गालात ठेवायचो. तिथली दाढ काढल्यापासून जागा मोकळीच आहे.

ताई : आणि भट्टीत कप तडकले असते म्हणजे?

मडक्या : मातीला नावं ठेवली असती.

ताई : पण का रे?

मडक्या : तो प्रदर्शनवाला चार वाजता येतोय ना. त्याला आजारातली भांडी हवीत. बरा असतानाची नकोत म्हणाला, बरी माणसं काय सगळीकडे मिळतात. मी फळीवर नजर टाकली, तर सगळी कशी शाळेत उभी केल्यासारखी. म्हटलं, पुन्हा थोडं बिघडावं. महिनाभरच. मग गोळी सुरू.

ताई : थोडं बिघडायला तू काय दूध आहेस?

मडक्या : माझं सगळं चांगलं काम तेव्हाचं आहे, ताई. ही झुकती बरणी बघ. शुद्धीतल्या माणसाला जमेल का ही?

ताई : उलटी कर ती.

मडक्या : कशाला?

ताई : कर म्हणते ना. बुडाशी काय दिसतं?

मडक्या : खाच. असते ती, मातीचा दोष आहे. हिच्यापायी मी दोन मातीवाले बदलले.

ताई : माझं नख आहे ते.

मडक्या : काय?

ताई : अंगठ्याचं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गोळ्यांची नोंद ठेवा. वही केली, तर तू ती भिजवून तिचा लगदा केलास. मग गोळी पोटात गेली, त्या दिवशी केलेलं भांडं दुसऱ्या दिवशी जरा सुकून आवळलं, की बुडाशी नख. नऊ वर्षं चाललंय. या कपांवरची तेवढी खोटी ठरली.

मडक्या : नऊ वर्षं मी त्या माणसांशी भांडतोय!

ताई : दुसरा तर रडला होता बिचारा.

मडक्या : पण ही बरणी आजारातलीच आहे. मला पक्कं आठवतंय.

ताई : ती तुला आवडते, म्हणून तसं आठवतंय. आता ती जुळी वाटी बघ.

मडक्या : नख. हिलाही नख. हिला तर दोन आहेत.

ताई : त्या दिवशी गोळी तू स्वतःहून मागितली होतीस. मी खूश होते.

मडक्या : मग बिननखाची कुठे आहेत?

ताई : खाटेखाली, खोक्यांत. एक्केचाळीस किटल्या. एकीलाही तोंड नाही.

मडक्या : चहा आतलं सगळं बाहेर सांगत होता, म्हणून बंद केल्या होत्या.

ताई : माहितीय. तू मला अडीच तास समजावलं होतंस. शेवटी मीही हो म्हणाले. त्यानंतर सात महिने चाकाला हात लावला नाहीस. मी त्याच्यावर टॉवेल वाळत घालायचे.

मडक्या : मग चार वाजता त्याला काय दाखवू?

ताई : किटल्या दे सगळ्या. आत काय आहे विचारलं तर सांग, चहा होता, संपला.

मडक्या : आणि ही?

ताई : ती सुरई ठेव जागेवर.

मडक्या : ताई, हिचं बूड साफ आहे.

ताई : हो.

मडक्या : म्हणजे ही तेव्हाची.

ताई : हो, तेव्हाची. खोटं कशाला बोलू?

मडक्या : आणि चांगली आहे.

ताई : तुझ्या हातून झालेली सगळ्यात सुंदर गोष्ट आहे ती.

मडक्या : मग मी तेच तर म्हणतोय!

ताई : तीन दिवस दार आतून लावून बसला होतास. तीन दिवस आई बाहेरच्या पायरीवर, मांडीवर ताट घेऊन. निवलं की गरम करून आणायची, पुन्हा बसायची. चौथ्या दिवशी तू दार उघडलंस, ही सुरई तिच्या हातात दिलीस आणि विचारलंस, "बाई, तुम्हाला कोण हवंय?"

मडक्या : हे मला कधीच कुणी सांगितलं नाही.

ताई : आईनं सांगू दिलं नाही. तू पुन्हा ओळखायला लागलास, तेव्हाही ती काही बोलली नाही. जाईपर्यंत सुरई उशाशी होती तिच्या.

मडक्या : तेव्हा, दारात... ती काय म्हणाली?

ताई : सुरई फिरवून फिरवून बघितली. म्हणाली, "फार सुंदर झालीय. माझ्या मुलाला दाखवा हं. तोही हेच काम करतो."

(मडक्या एकेका कपाचा कान मोडून गोळ्या फळीवर ठेवतो.)

मडक्या : तुला सापडलेली धरून अकरा झाल्या. आजचा कप अजून ओला आहे.

ताई : राहू दे. मातीतली गोळी नको घेऊस. आणि बारा दिवसांचा खंड पडलाय, आधी डॉक्टरीणबाईंना फोन लावते.

मडक्या : लाव. आणि येताना पाणी आण.

ताई : मातीला?

मडक्या : मला. आणि ताई, हा आजचा कप उद्या जरा आवळला, की बघशील त्याच्या बुडाकडे?